माझं पथ्य, तिचं ताट

माझ्या मुलीच्या ताटातला भात मी काढला. पुढे भरतीच्या दिवशी ती रस्त्यावर चालता चालता पडली, तेव्हा चोरून भाताची पेज प्यायली म्हणून पडली, असं मी गावच्या लोकांसमोर बोललो. पहिली चूक अज्ञानाने झाली असं म्हणता येईल. दुसरीला तसं म्हणता येत नाही. आणि खरं काय ते कळल्यावरही मी दीड महिना तोंड उघडलं नाही. त्या दीड महिन्याला काय म्हणावं हे मला आजही सुचत नाही.

मी वनरक्षक आहे. पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात आमचं घर, गावाला लागून थोडी धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं. ती बायको पाहते, मी जंगल पाहतो. मुलगी एकच. लहान असताना ती माझ्या सायकलच्या दांडीवर बसून बीटावर, माझ्या राखणीतल्या जंगलात, यायची. पाणवठ्याजवळचे ठसे मी तिला दाखवायचो आणि ती बोटाने मातीत तसेच काढून पाहायची. वनरक्षक व्हायचं हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. मी कधी तसं सुचवलं नाही.

पहिल्या भरतीत ती लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. नंतर काही वर्षं भरतीच निघाली नाही. निघाली तेव्हा तिच्या वयाची मर्यादा संपायला सहा महिने उरले होते. म्हणजे ही शेवटची. घरात कोणी हा शब्द उच्चारत नव्हतं. पण ती पुस्तक घेऊन बसली की तिची आई भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची.

या वेळी लेखी परीक्षा ती पास झाली. धावणीतही चांगले गुण पडले. उरली फक्त चाल. मुलींना सोळा किलोमीटर, चार तासांत. चालीला गुण नसतात. पार केली की यादीत, नाही तर बाद. पण चालीची भीती आमच्याकडे कोणाला नसते. तेंदूच्या हंगामात आमच्या बाया डोक्यावर पानांचं ओझं घेऊन याच्याहून जास्त चालतात. माझी मुलगी तर तयारीशिवाय चालून आली असती. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला वाटलं, हातातोंडाशी आलेला घास आहे, आता कसर ठेवायची नाही. मध्ये तीन आठवडे होते. मी तिची तयारी करून घ्यायचं ठरवलं.

इथे माझ्या आजाराबद्दल सांगितलं पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी मला शुगर निघाली होती. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं की माझ्या शरीरात भाताची साखर होते, पण ती साखर पेशींच्या आत जात नाही. दारं जाम झाली आहेत, साखर रक्तातच फिरत राहते. भात कमी करा, अंडी खा, डाळ खा, चाला. मी ‘कमी’चं ‘बंद’ केलं. तीन-चार महिन्यांत पोट उतरलं, तळपायाच्या मुंग्या थांबल्या, रिपोर्ट सुधारला. आणि मी शहाणा झालो. धानाच्या गावात राहून मी भाताविरुद्ध बोलू लागलो. मोबाईलवर पिळदार दंडांचे लोक उकडलेली अंडी खाताना दाखवत, तेही मी येईल त्याला दाखवायचो. पारावरचा एक म्हातारा मला पाहिलं की म्हणायचा, “आले भाताचे दुश्मन. झाका रे बाबू आपापली ताटं.” लोक हसायचे, मीही हसायचो. पण मला खरंच वाटत होतं की मला एक गोष्ट कळली आहे जी या लोकांना कळत नाही.

तेच औषध मी माझ्या मुलीला लावलं. तिला कसलाही आजार नव्हता.

रोज पहाटे आधी तीन किलोमीटर धाव, मग गावापासून नाल्यापलीकडच्या फाट्यापर्यंत आठ किलोमीटर चाल आणि तेवढीच परत. मी मोटारसायकलवर मागे, हातात घड्याळ. परत आल्यावर दोन उकडलेली अंडी आणि काकडी. दुपारी पातळ डाळ आणि भाजी. संध्याकाळी ज्वारीची अर्धी भाकर. भात नाही, गूळ नाही, केळं नाही. एका दिवसाचीही सुट्टी नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तर बायको ओसरीवर बसली होती. पुढे जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात कोमट पेज, मीठ घातलेली.

“हे काय?” मी विचारलं.

“पेज. पोट्टी एवढी चालून येऊन राह्यली, पोटात काई पायजे का नाई?”

“अन् हे पाजल्यावर मी सकाळपासून तिच्या मागं फिरलो, ते कुठी गेलं?”

“तुमी गाडीवर फिरले जी. चालली ते ती.”

मुलगी हसली. मला तिच्या हसण्याचा राग आला. मी गंज उचलला आणि पेज गाईच्या घमेल्यात ओतली. गाय लगेच प्यायला लागली. बायको माझ्याकडे न पाहता गाईकडे पाहत राहिली.

मुलगी म्हणाली, “राहू दे ना आई. बाबा म्हणते तसंच करू. तीन हप्त्याचा तं सवाल हाये.”

ती माझ्यावर चिडली असती तर आज मला सोपं गेलं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या आठवड्याअखेर तिला आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर उभं केलं. दोन किलो उतरले होते. मला इतका आनंद झाला की मी ते पारावर जाऊन सांगितलं. म्हाताऱ्याने विचारलं, “अन् ते दोन किलो होते कायचे?” मी म्हटलं, चरबीचे. तो म्हणाला, “तुमच्या पोरीच्या अंगावर दोन किलो चरबी होती कुठी? मले तं कधी दिसली नाई.” त्याचा प्रश्न बरोबर होता.

पहिल्या दिवशी तिने सोळा किलोमीटर तीन तास पाच मिनिटांत काढले होते. आठव्या दिवशी तीन तास वीस. बाराव्या दिवशी साडेतीन. माणूस रोज चालतो तर रोज सुधारायला पाहिजे, एवढाच माझा हिशेब. ती मागे पडत होती आणि मला त्यात आळस दिसत होता. एकदा ती पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

“बाबा, पायात कोनी रेती भरली असं वाटते.”

“मनात भरली हाये ते. चाल.”

ती चालली. दुपारी कधी न झोपणारी मुलगी अंगणातल्या खाटेवर मेल्यासारखी पडायची. हात थंड असायचे. साध्या बोलण्यावर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा गावात शिरायचा रस्ता सोडून ती सरळ पुढे निघाली, मी हॉर्न वाजवला तेव्हा थांबली. बायको एकदा माझ्या मागे मागे विहिरीपर्यंत आली. “तिच्या अंगातलं कायतरी बंद पडून राह्यलं,” ती म्हणाली. “बाईच्या गोष्टी हायेत, तुमाले काय सांगू. पण तिले भात द्या. हात जोडतो.” मी म्हटलं, आता थोडे दिवस राहिले, मधेच सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. चालीच्या आदल्या दिवशीसुद्धा मी तिच्याकडून पूर्ण सोळा किलोमीटर करून घेतले.

चाल चंद्रपूरच्या बाहेरच्या एका रस्त्यावर होती. एक किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. अशा आठ फेऱ्या. आईबाप दोरीच्या मागे उभे. उन्हाळा लागला होता, पण सकाळ होती आणि रस्त्याला सावली होती. उन्हाला दोष देता येणार नाही. पहिल्या चार फेऱ्या ती मधल्या घोळक्यात होती. पाचवीत घोळका पुढे गेला. सहाव्या फेरीत ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिची चाल बदललेली होती. पाऊल उचलून टाकत नव्हती, ढकलत होती. मी ओरडलो, “टाइम हाये, घाई करू नको.” खरंच वेळ होता. वेळच वेळ होता.

सातव्या फेरीत वळून ती परत येताना मी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही.

एखादा अनोळखी माणूस आपल्याकडे पाहतो तसं तिने पाहिलं. मग ती पाण्याच्या टेबलाजवळ खाली बसली. कोणीतरी म्हणालं, उठ ताई, दोनच किलोमीटर राहिले. ती उठली आणि उलट्या दिशेला चालू लागली. चार-पाच पावलं गेली आणि पडली. मी दोरीखालून घुसलो तर शिपायाने मला धरलं. म्हणाला, “भाऊ, तुमी हात लावला तं ती बाद होईन.” त्याच्या हातात मी धडपडत राहिलो, पण जोर लावून सुटलो नाही. बाद होईल या भीतीने मी माझ्या पडलेल्या मुलीपासून दूर उभा राहिलो.

शेवटी अॅम्ब्युलन्समधल्या नर्सबाईंनीच तिला उचललं. बोट टोचून पाहिलं, घाईने ग्लुकोज दिलं. मला दाराशी उभं राहू दिलं. पाव तासात तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. तिने डोळे उघडून आधी विचारलं, “कितवी फेरी हाये?” नर्सबाईंनी तिला पुन्हा आडवं केलं. बाहेर घड्याळात अजून पस्तीस मिनिटं शिल्लक होती. पस्तीस मिनिटांत दोन किलोमीटर गावातली म्हातारी बाईही चालते. पण एकदा रस्त्यावरून उचललेल्या उमेदवाराला परत रस्त्यावर सोडत नाहीत. तिच्या नंबरासमोर रेघ ओढली गेली होती.

थोडी साखर रक्तात गेली आणि ती उठून बसली, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी मला काही दिसलं नाही.

बाहेर आमच्या गावचे तीन-चार जण होते, त्यांच्या मुलीही भरतीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं. बायको पदराने तोंड दाबून रडत होती. रडता रडता ती म्हणाली, “काईच खात नोहोती जी ती. परवा अन् काल वाटी वाटी पेज देल्ली मी लपून, तेवढीच. नाई तं आणखी आधीच पडली असती.”

मी त्यातला अर्धाच भाग उचलला.

“म्हणूनच,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, त्या लोकांना ऐकू जावं म्हणून. “सांगतलं होतं मी. चोरून भात पाजला, अंग जड झालं, पडली. मायलेकीनं मिळून नोकरी घालवली.”

मुलगी शेजारी उभ्या केलेल्या ऑटोत मागे बसली होती. तिने ऐकलं. ती मान खाली घालून बसली, चूक केलेल्या माणसासारखी.

ती गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. कोणाच्या घरी भाताचं पातेलं उतरलं की बाया थट्टेने म्हणायच्या, जपून खा बाई, नोकरी जाईल. बायकोने माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. मला त्याचं एवढं वाटलं नाही. मुलीचं वाटत होतं. भरती संपली, पथ्य संपलं, तरी ती भाताला हात लावत नव्हती. आधी मला वाटलं, रुसली असेल. मग एक दिवस स्वयंपाकघरात तिचं आईशी चाललेलं बोलणं कानावर आलं.

“तू रडू नको. तू देल्ली, पण पेली तं मी ना. मलेच धीर नोहोता. दोन दिवस राह्यले असते तं झालं असतं.”

तिने माझा आरोप खरा मानला होता. आपणच दोन वाट्या पेजेसाठी आयुष्यातली संधी घालवली असं ती धरून बसली होती आणि त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहत होती. तिची मनगटं काठीसारखी झाली. मैत्रिणींनी दुसऱ्या एका खात्याच्या भरतीचा फॉर्म भरायला बोलावलं, त्यात अजून वय बसत होतं, तर म्हणाली, मले नाई जमत, माह्या जिभेवर माहा ताबा नाई. हे ऐकूनही मी चूप राहिलो, कारण तेव्हा माझाही तसाच समज होता.

जूनच्या सुरुवातीला मी माझी शुगर तपासायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी घरचं विचारलं. मी तक्रार सांगावी तशी सगळी हकिकत सांगितली. पथ्य, अंडी, घटलेलं वजन, चोरून प्यायलेली पेज. मला वाटलं, त्या माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“दादा, तिला शुगर आहे का?”

“नाही.”

“मग माझं तुम्हाला दिलेलं पथ्य तुम्ही तिला कशाला दिलं?”

त्यांनी शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, आपण खाल्लेल्या भाताची साखर होते आणि शरीर ती साठवून ठेवतं. धानाच्या कोठीसारखं समजा. एक मोठी कोठी स्नायूंमध्ये असते. पायांतली साखर पाय चालायलाच वापरतात, ती दुसऱ्या कोणाला देत नाहीत. एक लहान कोठी यकृतात असते. ती रक्तात साखर सोडत राहते, त्यावर मेंदू चालतो. धावून आणि तीन-साडेतीन तास चालून आलं की दोन्ही कोठ्या बऱ्याच खाली होतात.

“आणि मुख्य गोष्ट ऐका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पेशींची दारं जाम आहेत म्हणून मी तुम्हाला भात कमी करायला सांगितला. चालून आलेल्या माणसाच्या पायांची दारं त्या वेळी आपणहून उघडी असतात. पहिले काही तास तर सगळ्यात जास्त. तेव्हा भात, पेज, गूळ, केळं, जे द्याल त्याची साखर सरळ पायांत जाते आणि साठते. नंतर वेग कमी होतो, पण पोटभर जेवण मिळालं तर साधारण एका दिवसात कोठी पुन्हा भरते. अंड्याने स्नायूंची झीज भरून निघते. कोठी भरत नाही. कोठी भरायला भातच लागतो.”

“मग ते दोन किलो?”

“साठलेल्या साखरेबरोबर शरीर पाणीही धरून ठेवतं. साखर संपली की ते पाणी जातं. काट्यावर वजन घटलेलं दिसतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही जे घटवलं त्यात तिची शिदोरी होती.”

मी विचारलं, आणि पेज? दोन दिवस प्यायलेली पेज?

“मी तिला त्या दिवशी तपासलं नाही, म्हणून छातीठोक सांगणार नाही. पण तीन आठवडे तुम्ही रोज कोठी खरवडली आणि भरू दिली नाही. पेजेमुळे ती पडली नाही, दादा. चौदा किलोमीटर गेली ती कदाचित त्या दोन वाट्यांवर गेली.”

दवाखान्यापासून घर फार लांब नाही. मला पोचायला दुपार झाली. घरी गेलो तेव्हा मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. सांगायचं म्हणून मी तिच्याजवळ उभा राहिलो. तिने विचारलं, “काय म्हणे डॉक्टरीण बाई?” मी म्हटलं, “ठीक हाये म्हणे.”

असा दीड महिना गेला. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज तोंड बंद. सांगायचं म्हणजे शिपायाच्या हातातून मी का सुटलो नाही ते सांगायचं, गंज कोणी पालथा केला ते सांगायचं, चार लोकांत कोणाची अब्रू घालवली ते सांगायचं. त्याऐवजी मी आडून प्रयत्न केले. जेवताना तिच्या ताटात भात वाढला. तिने तो आईच्या ताटात सरकवला. “खा ना माय, आता काय त्याचं,” मी म्हटलं. ती म्हणाली, “नको बाबा. तुमीच तं म्हणत होते.” तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याने जास्त लागलं.

एका सकाळी मी एकटाच त्या रस्त्याने चालायला निघालो. तिला ज्या रस्त्यावर हाकललं तो आपण पायांनी चालून पाहावा, एवढंच डोक्यात होतं. शुगरची गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. नवव्या-दहाव्या किलोमीटरला हात थरथरू लागले, घाम फुटला, समोरची झाडं सरकू लागली. ती टेकून उभी राहिली होती त्याच पुलाच्या कठड्यावर मी बसलो. डॉक्टरबाईंनी खिशात ठेवायला सांगितलेली बिस्किटं फोडताना पुडा दोनदा हातातून पडला.

तिथे बसल्यावर मला माझी पहिली नेमणूक आठवली. भामरागडकडे होतो. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की दिवस दिवस पायी फिरायचं. संध्याकाळी एखाद्या पाड्यावर पोचलो की घरातली बाई नाव-गाव विचारायच्या आधी पानाच्या द्रोणात जावा द्यायची. जावा म्हणजे त्यांची पातळ पेज. दोन-तीन द्रोण प्यायचो. सकाळी उठलो की पाय पुन्हा नवे. वर्षानुवर्षं मी तसा चाललो. माझ्या पायांना जे ठाऊक होतं, त्यावर मी मोबाईलमधल्या माणसांना बसवलं. त्या बाईने कुठली कोठी, कुठलं दार ऐकलं नव्हतं. माझ्या बायकोनेही नव्हतं. चालून आलेल्याला आधी पेज द्यायची, एवढं त्यांना माहीत होतं.

त्या दिवशीही घरी येऊन मी बोललो नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

मग धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, आली. आमच्या बांधीत आठ-दहा बाया लावल्या होत्या. मुलगीही सकाळपासून त्यांच्यात होती. मी सुट्टी टाकून पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहत होतो. रोवणी म्हणजे कंबरेतून वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, उलटं सरकत दिवसभर. ती सगळ्यांत मागे पडत होती. तिची ओळ वाकडी जात होती. दुपारी बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या. बायकोने तोच जर्मनचा गंज मधे ठेवला, मीठ घातलेली पेज, बाजूला कांदा आणि मिरचीची चटणी. सगळ्यांनी गिलास भरून घेतले. मुलगी मात्र थोडं दूर, बांधीच्या कडेला पाय चिखलात सोडून नुसतं पाणी पीत बसली.

त्यातली एक बाई, नात्याने माझी वहिनी, मला म्हणाली, “भाऊजी, पोरीले पेज चालत नाई म्हणे तुमच्या. अजून कोनती नोकरी जायची राह्यली?”

बाया हसल्या. मुलगीही हसली. ती उठली, पुन्हा रोवायला जावं म्हणून वाकली, आणि गुडघ्यावर हात टेकून तशीच थांबली. एका क्षणासाठी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत तेच होतं. सातव्या फेरीचं. मी कोण आहे हे शोधणारी नजर.

मी खांद्यावरच्या पेंढ्या टाकल्या. गंजातून गिलास भरला आणि तसाच चपलांसकट बांधीत उतरलो. एक चप्पल चिखलात राहिली. तिचा दंड धरून तिला धुऱ्यावर आणून बसवलं. बायको हातातला कांदा तसाच धरून माझ्याकडे पाहत होती. मी त्यांच्या समोरच बोललो, कारण आरोपही लोकांसमोरच केला होता.

“आधी हे पे,” मी म्हटलं. “पेता पेता ऐक.”

तिने गिलास हातात घेतला, तोंडाला लावला नाही.

“तू पेज पेली म्हणून पडली नाई, माय. मी तुहा भात बंद केला म्हणून पडली. डॉक्टरीण बाईनं मले सांगतलं, दीड महिना झाला. चालून आल्यावर तुह्या पायाले भातच पायजे होता, अन् मी तो गाईले पाजला. तू चौदा किलोमीटर गेली ते तुह्या आईच्या पेजेवर गेली. हे मले माईत होतं अन् मी लपवून ठेवलं. तू रोज उपाशी राहून राह्यली हे पायत होतो, तरी लपवून ठेवलं.”

तिचे ओठ गिलासाच्या काठावर थांबले होते. मी बायकोकडे वळलो. तिच्याशी अशा गोष्टी बोलायची मला सवय नाही.

“त्या दिवशी मी म्हटलं, मायलेकीनं नोकरी घालवली. ते खोटं होतं. तू बरोबर होती. नोकरी मी घालवली. या सगळ्या बाया ऐकून राह्यल्या, त्याहीनं गावात हेच सांगावं. मले माफ कर म्हणायचं तोंड नाई, पण म्हणतो. तुमी दोघीही मले माफ करा.”

मुलीने गिलास रिकामा केला आणि आईपुढे धरला; बायकोने हातातला कांदा खाली ठेवून तो पुन्हा भरला.